दोन रेघा

जन्म माझा बडोद्याचाच, रेल्वेच्या क्वार्टरमधला. वडील मूळचे अमळनेरकडचे, खानदेशातले, इथं रेल्वेत लागले नि मग इथलेच झाले, गावी नुसतं लग्नाकार्याला जाणं. घरात माय अहिराणी बोलायची, शाळा मराठी सातवीपर्यंत, दाराबाहेर पाऊल टाकलं की गुजराती, तर आमची बोली म्हणजे काय सांगू तुम्हाला, खिचडीच आहे, तुम्ही लिहिताना नीट करा नाहीतर राहू द्या तशीच. नाव प्रमिला, पण मला पमीबेनच म्हणतात सगळे, आधार कार्ड काढायला गेले तेव्हा मलाच क्षणभर प्रमिला कोण ते आठवेना.

लहानपणापासून मला झोप फार नि स्वप्नं फार. माय सकाळी वेणी घालताना विचारायची, काय पाहिलं ग आज, नि मी सांगायची, मालगाडीच्या डब्यात नदी भरून चालली होती, असं काहीतरी, नि ती वेणी ओढत म्हणायची, हिचं लग्न झालं की कसं व्हायचं, पोळी करता करता झोपेल ही. तेविसाव्या वर्षी लग्न झालं. हे मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात लेथवर काम करतात, केसाएवढ्या मापाचं काम, बोलणं कमी नि बघणं जास्त असा माणूस. घर तरसालीला, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आम्ही दोघं नि सासूबाई. जवळच हंसाबेनचा खाखऱ्याचा गृहउद्योग होता, मी तिथं लागले. आठ-दहा बायका, दिवसभर लाटायचं, तव्यावर टाकायचं, लाकडाच्या ठोकळ्यानं दाबून दाबून कडक करायचं, मेथीचा, जिऱ्याचा वास अंगाला असा बसायचा की आंघोळ करूनही जायचा नाही. मला ते काम आवडायचं, हात चालतात नि मन कुठंही फिरून येतं.

चार वर्षं मूल नव्हतं. सासूबाई तोंडानं काही बोलायच्या नाहीत, पण शेजारच्या कुणाची ओटी भरायची असली की मला न सांगता एकट्याच जायच्या. मग एकदा दिवस राहिले. आनंद झाला तो झाला, पण उलट्या अशा की पाणी ठरेना, नि तिसऱ्या महिन्यात पोट दिसायला लागलं पाचव्यासारखं. सासूबाई म्हणाल्या जुळं आहे, आमच्या घराण्यात आहे जुळ्याचं. सोनोग्राफीला गेलो तर बाई मशीन फिरवत राहिल्या, फिरवत राहिल्या, नि पडद्यावर नुसतं पांढरं पांढरं, बर्फ पडावं तसं, मला वाटलं किती छान दिसतंय. मग त्यांनी मशीन बाजूला ठेवलं नि म्हणाल्या, ह्यात बाळ नाही.

द्राक्षगर्भ म्हणतात त्याला. मी पहिल्यांदाच ऐकला तो शब्द. बाळ धरतच नाही, बाळाला पोसणारी वार तेवढी वाढत जाते, फुगून तिचे पाण्याचे मणी होतात, घडाचे घड. पिशवी साफ केली. तिथली मावशी दुसऱ्या मावशीला सांगत होती ते माझ्या गुंगीत कानावर आलं, अगदी द्राक्षं ग, सोलून ठेवलेली. घरी सोडताना त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, हे मी खरं सांगते, लपवत नाही, की दर आठवड्याला रक्त तपासायचं, बीटा म्हणून एक आकडा असतो, तो पार खाली येईपर्यंत तपासायचा, आल्यावरही काही महिने, नि तोवर पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नाहीत. मी दोनदा गेले. आकडा उतरत होता. मग सासूबाई म्हणाल्या, बाळ तर गेलं, आता त्याचं काय तपासतात, आधीच अंगात रक्त नाही नि तेही सुईनं काढून घेतात. मलाही कंटाळाच आला होता. ह्यांना मी सांगितलं सगळं ठीक आहे, आता बोलावलं नाही. चूक कोणाची म्हणाल तर माझी, माझे पाय काय कुणी बांधून ठेवले नव्हते.

आता पुढचं सांगते ते नीट ऐका, कारण हे मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

चारएक महिने गेले नि मला पुन्हा तसंच वाटायला लागलं. छाती भरून आलेली, सकाळी मळमळ, दुपारी डोळे असे मिटायचे की खाखरा दाबता दाबता हात तसाच राहायचा. पाळी नाही. मध्येच डाग दिसायचा, मी म्हणायची होतं असं कुणाकुणाला. मला कळलं, दिवस गेलेत. डॉक्टरांनी नको सांगितलं होतं म्हणून मी कुणाला बोलले नाही, ह्यांनासुद्धा नाही. मनात म्हटलं चार महिने होऊ दे, पोट दिसू दे, मग कोण काय करणार आहे. आणि ते दिवस, खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते. सगळं कसं पाण्याखालून दिसावं तसं मऊ दिसायचं. उन्हात वाळणाऱ्या चादरी, रस्त्यावरचं गाढव, हंसाबेनचा चष्मा, कशाकडंही बघून बरं वाटायचं. मी त्याच्याशी बोलायची. लाटता लाटता मनातल्या मनात, की बघ हा मेथीचा, हा मसाल्याचा, तुला कुठला आवडेल. स्वप्नात एक लहान मूल पाठमोरं बसलेलं असायचं, मी हाक मारायची, ते वळायचं नाही, पण मान डोलवायचं. मला तेवढंही पुरायचं.

खोकला सुरू झाला तो त्याच दिवसांत. आधी वाटलं पिठाचा आहे, तिथं सगळ्याच खोकायच्या. मग एकदा फडक्यावर रक्त आलं. जवळच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, त्यात गोल गोल पांढरे ठिपके, म्हणाले टीबी आहे. थुंकीत जंतू सापडले नाहीत, पण कधी कधी नाही सापडत म्हणाले. गोळ्या सुरू केल्या. मला काळजी एकच, ह्या गरम गोळ्यांनी बाळाला काही होणार नाही ना, पण विचारायचं कसं, विचारलं तर कळेल. दोन महिने गोळ्या घेतल्या, खोकला काही हटेना, मी नुसती वाळत चालले. शेवटी एका सकाळी हंसाबेननं तवा बंद केला, माझा हात धरला नि म्हणाली, पमी, आ लोटनी उधरस नथी, हा पिठाचा खोकला नाही, नि टीबीपण नाही, चल माझ्याबरोबर. रिक्षात घातलं नि मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली, ह्यांना कारखान्यात फोन करून तिकडंच बोलावून घेतलं.

तिथं छातीचे डॉक्टर होते, त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला नि बराच वेळ बघत राहिले, मग फोन करून बायकांच्या वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांना खाली बोलावलं. त्या आल्या, पन्नाशीच्या असतील, सुती साडी, केसांची साधी गाठ. मी त्यांना डॉक्टरबेनच म्हणते, आजही. त्यांनी फोटो पाहिलाही नाही आधी. माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या नि म्हणाल्या, बेटा, ह्या वर्षात कधी पोट राहून गेलं होतं का. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं हो, द्राक्षं झाली होती. त्यांनी डोळे मिटले, एवढंच, क्षणभर. मग विचारलं पाळी कधी आली. तेव्हा मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, मला दिवस गेलेत, ह्यांना माहीत नाही. जगात पहिल्यांदा मी ते कुणाला सांगत होते.

त्यांनी लघवी तपासायची पट्टी मागवली. तोवर हे आले होते, हातांना ऑइल तसंच. नर्सनं पट्टी आणून टेबलावर ठेवली, दोन रेघा, चांगल्या ठळक. ह्यांनी ती पाहिली. दोन रेघांचा अर्थ कुणालाही कळतो. ते हसले. आमचे हे सहसा हसत नाहीत हो, पण तेव्हा हसले, माझ्याकडं बघून, नि मीही हसले, आता कळलंच आहे तर कळू दे म्हणून. आणि डॉक्टरबेननं ती पट्टी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, तुम्ही दोघं बसा. हे बाळ नाही.

त्यांनी फार साधं करून सांगितलं. म्हणाल्या, ती जी वार होती ना, तिचा एखादा कण पिशवीत राहिला, नि तो वाढतोय, रक्तातून वर छातीत गेलाय, फोटोतले ठिपके म्हणजे तोच. हा कॅन्सर आहे, फार क्वचित होणारा. वारेचा आहे म्हणून शरीराला वाटतं बाळ आहे, म्हणून उलटी, म्हणून झोप, म्हणून ह्या रेघा. शरीर फसलंय तुझं. मी म्हटलं, पण ते मान डोलवतं. हे माझ्याकडं बघत राहिले, काय बोलते ही म्हणून. डॉक्टरबेननं मात्र विचारलं नाही कोण ते. माझ्या डोक्यावर हात ठेवला नि म्हणाल्या, ह्या कॅन्सरची एक गोष्ट चांगली आहे, हा औषधाला वितळतो, पार छातीत गेलेलासुद्धा. पण आता मी सांगेन ते सगळं करायचं, एक आठवडा चुकवायचा नाही.

मला आतून तपासताना खाली एक निळसर गाठ दिसली होती. एक ज्युनियर डॉक्टर तिचा तुकडा घ्यायची तयारी करत होता, तर डॉक्टरबेननं त्याचा हात तिथंच धरला. म्हणाल्या, हिला सुई लावायची नाही, रक्ताची धार लागेल नि थांबवता येणार नाही, दुसऱ्या गाठींचा तुकडा काढून तपासतात, हिच्यात रक्तातला आकडाच सांगतो सगळं. मी पडल्या पडल्या ऐकत होते, नि मला वाटलं, म्हणजे अजून कुणी त्याला हात लावणार नाही. बघा माझं मन कुठं होतं.

सासूबाईंनी येऊन डॉक्टरबेनला सांगितलं की पिशवीच काढून टाका, मूळच नको. त्या म्हणाल्या, आजी, मुलगी सत्तावीस वर्षांची आहे, औषधानं जाण्यासारखं आहे, पिशवी मी उगाच काढणार नाही. घरी आल्यावर सासूबाई भांडी घासताना मला पाठमोऱ्याच म्हणाल्या, रक्त तपासायला मीच नको म्हटलं होतं. त्यानंतर तपासणीच्या प्रत्येक शुक्रवारी त्या माझ्याबरोबर यायच्या, सयाजीगंजला लॅब होती, आजूबाजूला सगळी कॉलेजची पोरं, नि त्यांच्यात आमच्या नऊवारीतल्या सासूबाई, मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसलेल्या. किती महिने, एक शुक्रवार चुकवला नाही त्यांनी.

औषधाचं पहिलं इंजेक्शन पिवळं होतं, हळदीच्या पाण्यासारखं. आकडा लाखाच्या वर होता, तो हजारांवर आला. हे कारखान्यातून आलेख काढायचा कागद घेऊन आले, चौकटी चौकटींचा, नि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. दर शुक्रवारी संध्याकाळी त्यावर पेन्सिलनं एक ठिपका काढायचे, पट्टी लावून मागच्या ठिपक्याला जोडायचे. बोलायचे काही नाही. पण त्यांची मान बघून मला कळायचं रेघ खाली चालली आहे की नाही.

दोन इंजेक्शनांच्या मधल्या विसाव्याला मी माहेरी असायची. वडिलांनी रिटायर झाल्यावर हरणीला घर घेतलं होतं, विमानतळाजवळ, विमानं अशी डोक्यावरून जायची की माय ताटावर हात धरायची. सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर गोधडी टाकून मी पडायची. अंगात शक्ती नाही, तोंड सगळं आलेलं, डोळे अर्धे मिटलेले, नि विमान यायचं, त्याची सावली गच्चीवरून, माझ्या अंगावरून, शेजारच्या टाकीवरून सरकत जायची. मला वाटायचं मी त्या सावलीत बसून कुठंतरी चालले आहे, नि माझ्या मांडीवर ते आहे. नि दर आठवड्याला ते थोडं थोडं हलकं होतंय. लोकांना आकडा उतरला की आनंद व्हायचा, माय देवापुढं साखर ठेवायची, मलाही व्हायचा, नाही असं नाही. पण आतून काहीतरी तुटायचं. मला माहीत होतं तो रोग आहे. माहीत असणं वेगळं नि वाटणं वेगळं.

मग आकडा अडला. एक शुक्रवार, दुसरा, तिसरा, तिथंच. कपाटातली रेघ आडवी झाली. हे पट्टी पुन्हा पुन्हा लावून बघायचे. मी फार घाबरले, पण मरणाला नाही. मला वाटलं हे माझ्यामुळं झालं. डॉक्टरबेनकडं गेले तेव्हा ह्यांना बाहेर बसवलं नि त्यांना सगळं सांगितलं, ते पाठमोरं मूल, विमानाची सावली, नि विचारलं, मी त्याला जाऊ देत नाही म्हणून आकडा अडला का. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, प्रमिला, तुझ्या मनाच्या हातात हा आकडा नाही. औषध कमी पडलं, दुसरं देऊ, ह्या रोगात असं होतं. तू त्याच्यासाठी रडलीस तरी औषध काम करील, नि नाही रडलीस तरी करील. म्हणून रडून घे. मी तिथंच टेबलावर डोकं ठेवून रडले. इतके दिवस सगळे म्हणत होते हिंमत ठेव, रडू नको, नि ही एकटी बाई म्हणाली रड. त्यांनी नर्सला सांगून बाहेरचे पेशंट थांबवले, मला आठवतं.

दुसरं औषध म्हणजे पाच औषधं, आळीपाळीनं, काही अॅडमिट होऊन. केस गेले, भुवया गेल्या, नखं काळी पडली, हातापायाला मुंग्या, बटण लावता येईना. सासूबाई माझी बटणं लावायच्या. पण रेघ पुन्हा उतरायला लागली. एका शुक्रवारी लॅबवाल्यानं कागद दिला नि हे वाचून तिथंच पायरीवर बसले, सासूबाईंना वाटलं वाईट आहे, त्यांनी पदर तोंडाला लावला. आकडा पाचाच्या खाली होता. डॉक्टरबेन म्हणाल्या, पाचाच्या खाली म्हणजे नाहीच समज, पण अजून काही फेऱ्या द्यायच्या, कुठं कण लपला असेल तर. नंतर छातीचा फोटो काढला, ठिपके विरघळले होते, एका जागी नुसती पुसट खूण. त्या रात्री गाढ झोपले. स्वप्न पडलं नाही. सकाळी उठून मी बराच वेळ बसून राहिले, काहीतरी विसरल्यासारखी.

वर्षभर तपासणी चालली. पाळी परत आली त्या दिवशी मी न्हाणीत बसून रडले, कंटाळा यायचा जिचा, तिच्यासाठी. शुक्रवारी रिपोर्ट चांगला आला की हे आम्हा दोघींना सयाजीगंजमध्येच शेव-उसळ खायला घालायचे, सासूबाई तिखटानं हाशहुश करत सगळी संपवायच्या.

परवानगी मिळाल्यावर दीडेक वर्षानं पुन्हा दिवस राहिले. ह्या वेळी मीच पट्टी आणून पाहिली. दोन रेघा. मी हसले नाही, हेही हसले नाहीत. दोघांनी चपला घातल्या नि सरळ डॉक्टरबेनकडं गेलो. त्यांनी स्वतः मशीन लावलं. मी डोळे गच्च मिटले होते, मला ते पांढरं पांढरं पुन्हा बघायचं नव्हतं. मग आवाज आला. धडधड, धडधड, घोडा पळावा तसा. डॉक्टरबेन म्हणाल्या, डोळे उघड, ही फसवणूक नाही. मुलगी झाली. बाळंतपणानंतर वार तपासायला पाठवली, रक्त पुन्हा तपासलं, सगळं नीट. आता आठ वर्षांची आहे ती, मराठी बोलायला लाजते, माझ्याशीपण गुजरातीतच भांडते.

सासूबाई गेल्या दोन वर्षांपूर्वी, माझ्या हातचं पाणी पिऊन. हंसाबेनचं वय झालं, आता उद्योग मीच बघते, बारा बायका आहेत. आणि डॉक्टरबेन रिटायर झाल्या तरी त्यांच्या वॉर्डातून मला कधी कधी फोन येतो, पमीबेन, एक पेशंट आहे, येऊन बसाल का. मी जाते. माझ्याकडं काही औषध नाही, नुसती बसते, नि त्यांना सांगते की बघा, मी जिवंत आहे.

मागच्या महिन्यात डभोईकडच्या गावातली एक मुलगी होती, वीस-एकवीसची, तिचंही द्राक्षांचंच, पण लवकर सापडलं, पहिल्याच औषधावर उतरतंय. नवरा बाहेर गेला तसा तिनं माझा हात ओढला नि हळूच विचारलं, बेन, ए मारुं बाळक हतुं? माझं बाळ होतं का ते. मी एवढी वर्षं बायकांना सांगते, पण हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर असते तर नाही म्हटलं असतं, नि ते खरंच आहे. मी तिला म्हटलं, दीकरी, बाळ नव्हतं, पण तू आई झाली होतीस, ते मात्र खोटं नाही. रडायचं तर रड. पण शुक्रवारी रक्त द्यायला ये.

ती आली शुक्रवारी. मी जाऊन पाहिलं.